शितावरून भाताची परीक्षा

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात हॉलच्या दाराशी, चपला काढायच्या जागेला लागून एक टेबल मांडले होते. एका सभासदाच्या चोवीस वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया झाला होता. केमोथेरपीने बरा झाल्यासारखा वाटला आणि पुन्हा उलटला. आता दुसऱ्या कोणाच्या तरी रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशी, म्हणजे आपण ज्याला बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो ते, करण्यावाचून गत्यंतर नव्हते. जुळणारा दाता नोंदींमध्ये सापडत नव्हता. म्हणून टेबलावर कापसाचे बोळे लावलेल्या काड्या, पाकिटे आणि फॉर्म. आणि टेबलामागे मी. मी इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करतो, एवढ्या भांडवलावर कार्यकारिणीने मला तिथे बसवले होते.

मोदकांचा डबा हातात घेतलेल्या एक काकू थांबल्या. म्हणाल्या, "अहो, त्याचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, माझाही ओ पॉझिटिव्ह. मी इथे येऊन चारदा रक्तदान केलंय. मग माझंच घेऊन टाका की! आणि एवढी आपली माणसं असताना एकाचंही जुळत नाही, म्हणजे काय?"

मी "रक्तगट वेगळा आणि हे वेगळं" असे काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या आणि काकू आत गेल्या. माझी सुटका झाली खरी, पण प्रश्न दोन्ही अगदी मर्मावरचे होते. त्यांची उत्तरे द्यायची तर आपल्या शरीरातल्या पेशी आपापसांत कशा बोलतात इथपासून सुरुवात करावी लागते, आणि ते काही आरतीच्या आधीच्या दोन मिनिटांत होत नाही. या पानांवर ते सावकाश सांगता येईल.

आपल्या प्रतिकारशक्तीच्या सैन्यातले एक दल बहुतेकांना ऐकून माहीत असते. ते म्हणजे अँटिबॉडीज, मराठीत प्रतिपिंडे. ही रक्तातून फिरतात आणि बाहेर मोकळा सापडलेला जंतू जसा आहे तसा धरतात. पण विषाणूची गोष्ट निराळी. तो पेशीच्या आत शिरतो, दार लावून घेतो आणि आतल्या आत आपल्या प्रती काढत बसतो. प्रतिपिंडांना पेशीच्या आत जाता येत नाही. तिथे काम असते ते टी पेशींचे. त्या अशी बिघडलेली पेशीच मारून टाकतात. अडचण एवढीच, की टी पेशीलाही भिंतीपलीकडचे दिसत नाही. बाहेरून दोन्ही पेशी सारख्याच. मग कोणत्या घरात चोर शिरला आहे हे तिला कळावे कसे?

निसर्गाने यावर काढलेली युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. भात शिजला की नाही हे पाहायला कोणी सगळे पातेले उपसत नाही. एक शीत बोटांत दाबून पाहतो. आपली प्रत्येक पेशी आत काय शिजते आहे त्याची शिते सतत बाहेर आणून मांडून ठेवते. टी पेशी येते, शीत चाचपते, आणि ठीक असेल तर पुढे जाते.

ही शिते तयार होतात कशी? पेशीत प्रथिने बनतात, काही काळ काम करतात आणि मोडीत निघतात. मोडण्याचे काम प्रोटिअझोम नावाचे एक पिंपासारखे यंत्र करते. नको असलेले प्रथिन वरच्या तोंडातून आत जाते आणि त्याचे तुकडे होऊन बाहेर पडते. बरेचसे तुकडे आणखी बारीक होऊन नव्या प्रथिनांसाठी वापरले जातात. पण काही तुकडे टॅप नावाच्या एका छोट्या पंपातून पेशीच्या एका आतल्या कप्प्यात ढकलले जातात. तिथे एचएलए नावाचे रेणू वाट पाहत असतात. एचएलए रेणूचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर पानाचा लांबट द्रोण आठवावा: खाली सपाट तळ, दोन्ही बाजूंना उंच कडा आणि मध्ये खाच. त्या खाचेत आठ ते दहा अमिनो आम्लांचा तुकडा नेमका बसतो. ज्या द्रोणात तुकडा बसत नाही तो ढासळतो आणि मोडीत जातो. भरलेला द्रोण मात्र पेशीच्या पृष्ठभागावर पाठवला जातो. अशा एका पेशीवर भरलेले द्रोण लाखाच्या घरात असू शकतात.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की पेशी निवड करत नाही. आपले कोणते, परके कोणते हे तिला कळत नाही. चांगल्या दिवसांतही ती आपल्याच प्रथिनांची शिते मांडून बसलेली असते. विषाणू आला, की त्याची प्रथिनेही त्याच पिंपात पडतात आणि त्यांची शिते त्याच रांगेत येऊन बसतात. ओळखायचे काम सर्वस्वी टी पेशीचे.

विषाणूही काही कमी नाहीत. ओठांवर जर उठवणारा हर्पीसचा विषाणू टॅपच्या पंपात बोळा कोंबणारे एक प्रथिन बनवतो, म्हणजे शीत बाहेर यायलाच नको. त्यावरही उपाय आहे. नॅचरल किलर नावाच्या पेशी नेमके उलटे पाहत हिंडतात: जिच्या अंगावर द्रोणच दिसत नाहीत ती पेशी त्यांना संशयास्पद वाटते.

आता काकूंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळ आले. केंद्रक असलेल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर हे द्रोण असतात. तांबड्या रक्तपेशीला मात्र केंद्रक नसते, प्रथिने बनवायचा कारखाना तिने आधीच मोडून टाकलेला असतो आणि तिच्यावर एचएलए जवळजवळ नसतेच. (मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत बिऱ्हाड करतो तेव्हा त्याला मारेकरी टी पेशींपासून मिळणारे अभय यातूनच येते.) म्हणून रक्त देताना ए, बी, ओ आणि आर-एच एवढे पाहिले की बहुधा भागते. बोनमॅरो देताना मात्र आपण तांबड्या पेशी देत नसतो. पुढच्या सगळ्या पांढऱ्या पेशींची बीजे देत असतो. तिथे रक्तगट जुळला नाही तरी एक वेळ चालते. द्रोण जुळावे लागतात.

पण त्याआधी दुसरा एक रस्ता सांगायला हवा, नाहीतर चित्र अर्धेच राहील. आतापर्यंत सांगितले ते पेशीच्या आतल्या मालाबद्दल. बाहेरून गिळलेल्या जंतूंचे काय? हे काम काही खास पेशी करतात, आणि त्यांतली मुख्य म्हणजे डेंड्रिटिक पेशी. झाडासारख्या फांद्या पसरलेल्या असतात म्हणून ग्रीक शब्दावरून हे नाव. 1868 साली पाउल लांगरहान्स या बर्लिनच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला त्या त्वचेत दिसल्या होत्या, पण फांद्या पाहून त्याने त्यांना मज्जासंस्थेतल्या पेशी समजले. त्यांचे खरे काम उमगायला शंभर वर्षे जावी लागली. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅन्व्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत या पेशी वेगळ्या ओळखल्या. टी पेशींना जागे करण्यात त्यांची बरोबरी कोणी करत नाही हे स्टाइनमन पुढची अनेक वर्षे सांगत राहिले आणि अनेकांना ते पटत नव्हते.

डेंड्रिटिक पेशी कातडीत, फुप्फुसात, आतड्यात दबा धरून असते. जंतू गिळते, पोटातल्या आम्लाच्या पिशवीत त्याचे तुकडे करते आणि मग आपली जागा सोडून लसिकावाहिन्यांतून जवळच्या गाठीकडे निघते. लहानपणी पायाला जखम झाली की जांघेत अवधाण यायचे ते आठवते ना? तिथे ही मंडळी पोहोचलेली असतात आणि हजारो टी पेशी येऊन शीत चाचपून जात असतात. ज्या एखादीला ते शीत नेमके ओळखता येते ती तिथेच थांबते, वाढू लागते, आणि काही दिवसांत तिची पलटण तयार होते.

या दुसऱ्या रस्त्यावर द्रोणही निराळ्या जातीचा असतो. त्याची दोन्ही टोके उघडी असल्याने तुकडा थोडा लांब, साधारण तेरा ते पंचवीस अमिनो आम्लांचा चालतो. इथे एक पेच होता. हा द्रोण ज्या कप्प्यात घडतो तिथे पेशीची स्वतःची शिते आधीच हिंडत असतात. त्यांनीच तो भरून गेला तर बाहेरच्या जंतूचे शीत बसणार कुठे? यासाठी पेशी जे करते ते एस.टी.ने प्रवास केलेल्या कोणालाही शिकवावे लागणार नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची! इन्व्हेरियंट चेन नावाचे एक प्रथिन द्रोणात पसरून बसते. द्रोण आम्लाच्या पिशवीत पोहोचला की हे प्रथिन तुटते आणि त्याची एक चिंधी तेवढी खाचेत उरते. मग एचएलए-डीएम नावाचा दुसरा रेणू येऊन ती चिंधी काढायला मदत करतो आणि जंतूचे शीत जागेवर बसते.

टी पेशीला नुसते शीत दिसत नाही. शीत आणि द्रोण मिळून दिसतात. हा शोध 1974 सालचा. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी हे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. बाधा झालेल्या उंदराच्या टी पेशी त्याच वंशाच्या उंदराच्या बाधित पेशी मारत. दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशींना तोच विषाणू घातला, तर मात्र त्या टी पेशी ढिम्म हलत नसत. म्हणजे चोर तोच, पण घर परके असले तर पोलिसाला चोर ओळखता येत नाही! या दोघांना 1996 चे नोबेल मिळाले. असे का होते ते प्रत्यक्ष दिसले 1987 मध्ये. हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या एचएलए-ए2 रेणूचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना काढली. त्यात वरच्या बाजूला ती खाच होती, आणि खाचेत रेणूचा भाग नसलेले काहीतरी अस्पष्ट पडलेले होते. ती होती शिते, अनेक प्रकारची एकत्र मिसळलेली, म्हणून धूसर. मी ते चित्र विद्यार्थिदशेत प्रथम पाहिले. पुस्तकातली पाच पाने एका आकृतीत मिटल्यासारखी वाटली.

द्रोणाच्या तळाशी छोटे छोटे खळगे असतात. तुकड्यातली दोन-तीन अमिनो आम्ले त्या खळग्यांत अडकली तरच तो टिकतो. आणि हे खळगे माणसागणिक वेगळे असतात. पहिल्या जातीच्या द्रोणांची तीन जनुके आहेत: ए, बी आणि सी. प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे आपल्यापाशी साधारण सहा प्रकारचे द्रोण. दुसऱ्या जातीचे आणखी काही. ही सगळी जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि जगातल्या माणसांत मिळून त्यांचे आजवर 30 हजारांहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. मानवी जनुकांमध्ये इतके वैविध्य दुसरीकडे आढळत नाही.

निसर्गाने हा पसारा का मांडला असावा? समजा, सर्वांचे द्रोण एकसारखे असते. मग एखाद्या विषाणूने आपली प्रथिने अशी बदलली, की एकही शीत त्या खळग्यांत बसू नये, तर त्याने सगळे गावच जिंकले. द्रोण निरनिराळे असले की कोणा ना कोणाच्या द्रोणात त्याचे शीत सापडतेच. एड्सच्या विषाणूत हे स्पष्ट दिसले. औषधाशिवाय वर्षानुवर्षे त्याला काबूत ठेवणारे थोडे लोक असतात. त्यांच्यात बी-57 हा द्रोण असणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त आढळते. हा द्रोण विषाणूच्या अशा भागाचे तुकडे दाखवतो, जो बदलायचा तर विषाणूलाच अधू व्हावे लागते. आता सर्वांनाच बी-57 का नाही, असे विचाराल, तर दुसऱ्या साथीत तोच निरुपयोगी ठरू शकतो. शिवाय एचआयव्हीवरच्या अबाकाव्हिर या औषधाची धोकादायक ॲलर्जी याच बी-57 च्या एका प्रकाराशी निगडित आहे. देवाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही.

जे वैविध्य गावाला तारते, तेच रोपणाच्या वेळी एकट्यादुकट्याला मारते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशींची शाळा तिथे भरते. आपल्या द्रोणांशी बोलता येते की नाही हे तिथे तपासले जाते, आणि आपल्याच द्रोणातल्या आपल्याच शितावर धावून जाणाऱ्या पेशी संपवल्या जातात. शाळेतून बाहेर पडणाऱ्या थोड्या. बहुतेक तिथेच मरतात. हे सारे शिक्षण स्वतःच्या द्रोणांवर झालेले असते. परका द्रोण तिथे कोणी दाखवलेला नसतो. तो अचानक समोर आला, तर तो त्यांना परके शीत ठेवलेल्या घरच्या द्रोणासारखा भासतो, आणि एकदोन नव्हे तर शेकड्यातल्या काही टी पेशी एकदम भडकतात. मूत्रपिंडाच्या रोपणात रुग्णाच्या टी पेशी परक्या अवयवावर धावतात. बोनमॅरोत त्याच्या उलटही होते: दात्याच्या टी पेशी नव्या घरात जाग्या होतात आणि त्यांना ते सबंध घरच परके दिसते. मग कातडी, यकृत, आतडे यांवर हल्ला. रुग्ण कर्करोगातून वाचून यात दगावू शकतो.

म्हणून डॉक्टर ए, बी, सी आणि डीआरबी-1 या चार जनुकांच्या दोन्ही प्रती, म्हणजे आठापैकी आठ, जुळवू पाहतात. पहिला शोध सख्ख्या भावंडांत. आईकडून दोन गुणसूत्रांपैकी एक, वडिलांकडून एक. दोन्ही तीच येण्याची शक्यता चारात एक. पाच भावंडे असतील तर त्यांतले निदान एक जुळण्याची शक्यता 76 टक्के. एकच असेल तर 25. आमच्या आधीच्या पिढीत घरटी सहा-सात मुले असत. आपल्या मुलांना एखादे भावंड, नाहीतर तेही नाही. ज्या मुलासाठी टेबल मांडले होते त्याला एकच बहीण होती आणि ती जुळली नाही.

मग नोंदवहीतले अनोळखी दाते. आणि इथे काकूंचा दुसरा प्रश्न येतो. शेजारी शेजारी बसलेली ही जनुके बहुधा गठ्ठ्यानेच पिढ्यान्‌पिढ्या खाली येतात. त्यामुळे ज्या लोकांत आपले पूर्वज सोयरिकी करत आले त्यांच्यातच आपला गठ्ठा सापडण्याची शक्यता जास्त. एखाद्या जर्मन वंशाच्या माणसाला तो मिनेसोटात सापडेल. आपला तिथे कुठून असणार? बरे, "भारतीय" हा काही एक गठ्ठा नव्हे. शतकानुशतके जातीत आणि पोटजातीत लग्ने होत आल्यामुळे भारतात असे असंख्य वेगवेगळे गठ्ठे तयार झाले आहेत. जातीचा हिशेब रक्ताच्या कामी काढायला मला संकोच वाटतो, पण सहाव्या गुणसूत्राने तो लिहून ठेवला आहे खरा. एका हॉलमधली चारशे मराठी माणसे म्हणजे या बाबतीत फार लहान आकडा.

2014 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेच्या नोंदवहीवरचा एक अभ्यास आला. आठापैकी आठ जुळणारा आणि प्रत्यक्ष उपलब्ध असलेला दाता मिळण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णांना 75 टक्के होती. दक्षिण आशियाई रुग्णांना एक तृतीयांशाच्या आसपास. "प्रत्यक्ष उपलब्ध" हे शब्द मुद्दाम लिहिले. नाव नोंदवलेला माणूस बोलावणे आल्यावर फोनच उचलत नाही, किंवा घरचे नको म्हणतात, असे गोऱ्यांपेक्षा इतर समाजांत जास्त घडते. हे मात्र गुणसूत्राच्या माथी मारता येणार नाही. भीती बहुधा कंबरेत सुई खुपसण्याची असते. ती पद्धत अजून कधी कधी वापरतात, बेशुद्ध करून. पण बहुतेक वेळा पाच दिवस एक इंजेक्शन देऊन मूळपेशी रक्तात आणतात आणि एका हातातून रक्त यंत्रात घेऊन, त्या पेशी काढून, दुसऱ्या हातात परत सोडतात. हाडे दुखतात, डोके दुखते, काही दिवसांत थांबते.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अर्धेच जुळणारे दाते, म्हणजे आई, बाप किंवा मूल, यांच्या पेशी देण्याची पद्धत विकसित झाली. रोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुने औषध देतात. परका द्रोण पाहून ज्या टी पेशी भडकल्या त्या नेमक्या तेव्हा भराभर विभागत असतात, आणि औषध त्यांनाच जास्त मारते. शांत बसलेल्या पुष्कळशा वाचतात. मूळपेशी स्वतःजवळच्या एका विकरामुळे त्यातून सुटतात. युक्ती इतकी सोपी आहे, की आपल्याला का सुचली नाही असे वाटावे. पूर्ण जुळणारा दाता वेळेत मिळाला तर बहुतेक डॉक्टर आजही त्यालाच पसंती देतात, पण तो नाही म्हणून हात टेकायची वेळ आता पूर्वीइतकी येत नाही.

त्या संध्याकाळी एकसष्ट पाकिटे भरली. काकूंचे त्यात नव्हते. इथल्या नोंदवहीत नवीन नाव 18 ते 40 वयातच घेतात आणि त्यांनी साठी ओलांडली होती. आरती संपल्यावर त्या आपल्या दोन्ही नातवंडांना दंडाला धरून घेऊन आल्या. एकसष्टांपैकी कोणीही त्या मुलाला जुळले नाही. त्याला शेवटी आईच्याच पेशी दिल्या. तीन आठवड्यांनी त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या त्या आईच्या होत्या. पुढे कातडीवर पुरळ आले, आतड्यांनी दोन महिने छळले, मग ते आटोक्यात आले.

जुन्या टी पेशींबरोबर त्याच्या लहानपणीच्या लशींची आठवणही पुसली गेली होती. नव्या पेशींना सगळी शिते पहिल्यापासून दाखवावी लागतात. यंदाच्या गणेशोत्सवात तो भेटला तेव्हा दंडाला पट्टी होती. घटसर्प, धनुर्वात, पोलिओ आधीच झाले होते; दोन वर्षे पूर्ण झाल्यावर आदल्या आठवड्यात गोवराची दिली, म्हणाला. वय वर्षे सत्तावीस. त्याची आई पलीकडे मोदकांच्या रांगेत उभी होती, आणि दाराशी टेबलावर या खेपेला त्याची बहीण बसली होती.